सुई ओवली तरी किल्ली नाही

४ ऑगस्ट

अहो,

नमस्कार. मायना काय लिहावा यावर सकाळपासून डोकं खाजवलं. रुसून गेलेल्या नवऱ्याला काय लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही, कारण आमच्या माहेरी रुसून जायची पद्धत नव्हती. सगळे घरातच रुसायचे. तेव्हा नुसतं 'अहो' पुरे.

फोन तुम्ही उचलत नाही. भावजी उचलतात आणि "दादा कटिंगला बसलाय" म्हणतात. जेवायच्या वेळेला कसलं आलंय कापडाचं कटिंग? म्हणून पत्र लिहिते. पत्र तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही. गिऱ्हाईक ज्या रद्दी कागदात कापड गुंडाळून आणतं तो कागदसुद्धा तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचता.

दुकान उत्तम चाललंय. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वकीलसाहेबांचा कोट तेवढा राहिलाय, कारण ते म्हणतात मास्तर आल्यावरच माप देईन. आणि दोन शर्टांच्या बाह्या मी उलट्या जोडल्या, पण त्या उसवून परत जोडल्या, कुणाला कळलंही नाही. आपली लेक टाचणी सकाळी तिच्या मशीनवर बसते, दुपारी व्हॅन घेऊन शाळांचे युनिफॉर्म पोचवते. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्या मशीनवर बसत नाही. रोज पुसते मात्र.

आता मुद्द्याचं. तुम्ही भावजींना काय सांगितलंय ते जाऊबाईंनी मला कळवलं. म्हणे "पोरीने चार माणसांत बापाचं नाक कापलं." नाक जागेवर आहे तुमचं. मीही तिथेच होते, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं मांडते, म्हणजे तुमचं कुठे हुकतंय ते तुम्हालाच दिसेल.

युनिफॉर्मचा हंगाम संपल्याचं टेलर संघाचं जेवण होतं. भरदुपार होती. फाटकापाशी नेहमीसारखं टेबल, टेबलावर परातीत सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या, बाजूला बारीक सुई आणि पांढरा दोरा. मामंजींनी घालून दिलेली रीत. ज्याने दारू घेतली असेल त्याने जाताना सुई ओवायची, ओवली की किल्ली उचलायची. तुम्ही आलात, डोळा बारीक न करता पहिल्या झटक्यात सुई ओवलीत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काजवाले बाबा तुमच्या मागे बसून येणार होते, ते तयारच होते. तुम्ही परातीकडे हात नेलात आणि टाचणीने तुमची किल्ली उचलून मुठीत धरली.

ती काय म्हणाली ते तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही किती घेतली होती ते मला माहीत आहे. ती म्हणाली, "बाबा, सुई ओवलीत, कबूल. पण किल्ली मिळणार नाही."

आवाज चढवला नाही, अपशब्द बोलली नाही. तुम्हीच जे बोललात ते मी लिहीत नाही, हे पत्र भावजींच्या घरी उघडलं जाणार आहे. मग तुम्ही उन्हातून चालत घरी आलात, दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीत आणि गेलात.

मला विचाराल तर त्या फाटकापाशी मला पोरीचा अभिमान वाटला. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

तुमचीच (अजून तरी)

१९ ऑगस्ट

अहो,

कार्ड मिळालं. तीन ओळी. एक, तब्येत ठीक. दोन, वकिलाच्या कोटाला कुणी हात लावू नये. तीन, बाबांनी घालून दिलेल्या रीतीचा जिने पाणउतारा केला तिने माफी मागितल्याशिवाय मी उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.

म्हणजे राग किल्लीचा नाहीच. सुईचा आहे. मला वाटलंच होतं.

मामंजींबद्दल मी कधी वाकडा शब्द काढलेला नाही आणि आजही काढणार नाही. त्यांच्या हाताखाली मी काजं करायला शिकले. पण एक विचारते. मामंजींच्या वेळी टेलर कशावरून यायचे? सायकलवरून. झिंगलेला माणूस सायकलवरून पडला तर गुडघा फुटायचा, तो उठून कपडे झटकायचा आणि घरी बायकोचं बोलणं खायचा. मामंजींनी सुई काढली ती त्या सायकलींसाठी. सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या, सुई मात्र तिथेच राहिली. आणि आपला धंदा काय, तर सुई ओवण्याचा. आपल्यातला कुणी तापाने फणफणला असला तरी सुई ओवेल. इतक्या वर्षांत त्या परीक्षेत नापास झालेला एक टेलर मला दाखवा.

आता जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते सांगते.

दर दोन महिन्यांनी एक बाई आपल्याकडे पॅन्ट शिवायला येतात. काठी घेऊन. त्यांचं माप मी घेते, कापते मी, शिवते मी. तुमच्या टेबलावर ते काम मी कधी येऊ दिलं नाही. त्यांच्या पॅन्टचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड कापावा लागतो. युनिफॉर्मच्या गर्दीत ते कापड टाचणीच्या हाती लागलं. तिला वाटलं आईचं माप चुकलं, म्हणून तिने दोन्ही पाय सारखे करून ठेवले. मग मला सांगावं लागलं.

त्या बाई म्हणजे कॉलरवाल्याच्या गाडीखाली आलेल्या बाई.

मागच्या लग्नसराईनंतरचं जेवण आठवा. कॉलरवाल्याने फाटकापाशी तुमच्यासारखीच पहिल्या झटक्यात सुई ओवली. अख्ख्या गावात त्याच्यासारखी कॉलर कुणी बसवत नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर या बाई रस्त्याच्या कडेने भाजी घेऊन चालल्या होत्या. त्याला दिसल्या, पण उशिरा दिसल्या. बाईंचा खुबा गेला. कॉलरवाल्याचं उजवं मनगट असं मोडलं की आता त्याच्याकडून बटणही लागत नाही. पोलीस चौकशीला आले तेव्हा संघाने लिहून दिलं की ते शुद्धीत होते, सुई ओवून गेले होते. खाली अध्यक्षांची सही. तुमची.

मी तुम्हाला दोष देत नाही. ती सही खोटी नव्हती. तुम्हाला मनापासून तसंच वाटत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

टाचणीने सगळं ऐकलं, कापड परत कापलं, दीड इंच कमी केलं, आणि एवढंच म्हणाली, "यंदा बाबा जेवायला गाडी नेणार आहेत का?" बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

माफी ती मागणार नाही. मीही तिला मागायला सांगणार नाही. पीळ तुमच्याकडूनच आलाय, आता तक्रार कुणाकडे करता?

वकिलाच्या कोटाला कुणी हात लावलेला नाही.

तुमचीच

७ सप्टेंबर

अहो,

यावेळी कार्डही नाही. ठीक आहे. न बोलणाऱ्या माणसाशी बोलायची मला सवय आहे, लग्नाला इतकी वर्षं झाली.

आपल्या लेकीने काय केलं ते ऐका. तुम्ही बसून ऐका, कारण मी लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले.

तिने संघातल्या पाच-सहा जणांना सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानात बोलावलं. अट एकच, पायी यायचं, पायी जायचं. काजवाले बाबा आले, परकरवाले दोघे भाऊ आले, कोटवाला आला. तो तर येतानाच म्हणाला, पोरीची जिरवू. आधी प्रत्येकाला कोरड्या अंगाने, थेंबही न घेता, मशीनवर बसवलं. पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा, त्यावर लाल खडूच्या रेघा, पण कुठेही, कमीजास्त अंतरावर. मोटर पूर्ण वेगात सोडायची आणि रेघ दिसली की पाय उचलायचा. पट्टा मांडीवर चुरगळलेला असतो, त्यामुळे रेघ एकदम वर येते, आधी कळत नाही. कोरड्या अंगाने सगळे रेघेवर थांबले, फार तर एखाददुसरा टाका पुढे. कोटवाला म्हणाला, यात काय, हा पोरखेळ आहे.

मग प्रत्येकी दोन ग्लास. जरा वेळ गप्पा. मग आधी सुई. सगळ्यांनी ओवली. परकरवाल्या धाकट्याने तर डोळे मिटून ओवली. मग तोच पट्टा, तेच मशीन.

अहो, टाका बघितला असता तर तुम्हीसुद्धा वा म्हणाला असतात. सरळ रेषेत, एकसारखा, कुठे लोंबत नाही. आणि रेघेच्या बोटभर पुढे गेलेला. प्रत्येकाचा. काहींचा बोटभर, कोटवाल्याचा दोन बोटं. त्याचं त्याला कळलंच नाही, तो म्हणाला मी रेघेवरच थांबलो. टाचणीने पट्टा त्याच्यासमोर धरला. त्याने तो उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला मशीन बिघडलंय. टाचणी त्याच्या जागी बसली, मशीन सोडलं आणि रेघेवर थांबली.

तिने जास्त काही सुनावलं नाही. म्हणाली, "हात शिकलेला असतो काका, तो आपलं काम करत राहतो. उशीर डोक्याला होतो. मशीनवर बोटभर, गाडीच्या वेगात तेवढ्यात एक माणूस येतो."

काजवाल्या बाबांनी लिंबू मागितलं. म्हणाले लिंबू चोखून परत बसतो, उतरेल. चोखलं, परत बसले, आणखी पुढे गेले. मग काळी कॉफी झाली. कोटवाला मागे जाऊन डोकं नळाखाली धरून आला, ओल्या डोक्याने बसला, पट्टा भिजवला आणि तरी पुढे गेला. जागं वाटतं, तोंड कडू होतं, पण उतरत कशानेच नाही. वेळ जाईल तेवढीच उतरते, आणि वेळेला घाई करता येत नाही. टाचणी म्हणाली, जास्त झाली असेल तर सकाळी उठल्यावरसुद्धा अंगात उरलेली असते. यावर परकरवाल्या थोरल्याने समोरचा ग्लास बाजूला सारला. तो सकाळी सातलाच पोरांना शाळेत सोडायला गाडी काढतो.

सगळे पायी गेले. पट्टे आपल्याकडे आहेत. एक सोबत पाठवते. कुणाचा ते लिहीत नाही, टाका बघून तुम्हाला कळेल.

मला तर पोरीकडे बघून ऊर भरून आला. मी सांगत बसत नाही, कारण तुम्ही म्हणाल आईला काय, कौतुकच. पण त्या दिवशी ती तुमच्यासारखी दिसत होती. कटिंगच्या आधी कापडावर हात फिरवून तुम्ही गप्प उभे राहता ना, तशी.

तुमचीच

२८ नोव्हेंबर

अहो,

पट्ट्याबद्दल चकार शब्द नाही, आणि वर तुमच्या पाकिटातून राजीनामा. 'प्रकृतीच्या कारणास्तव संघाचे अध्यक्षपद सोडत आहे.' प्रकृतीला काय धाड भरली आहे? जाऊबाई कळवतात की तुम्ही दोन वेळा हादडता.

तो राजीनामा मी काजवाल्या बाबांकडे दिलेला नाही. सोबत परत पाठवते. संघ मामंजींनी उभा केला, तुम्ही तो सांभाळलात, तो पोस्टाने सोडायचा नसतो. सोडायचाच असेल तर लग्नसराईच्या जेवणाला या आणि आपल्या हाताने द्या. जेवण पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी आहे, दुपारी, तिथेच.

तुम्ही नसताना सभा झाली तेही सांगते, नाहीतर म्हणाल पाठीमागे केलं. टाचणीने पट्टे टेबलावर पसरले. बराच आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं बाईमाणसाच्या हातात किल्ल्या देऊ नका, तेव्हा मी उठले. मी काय बोलले ते तुमच्या कानावर आलंच असेल. शेवटी ठरलं ते असं. किल्ल्या परातीत टाकायच्या त्या आत येतानाच, पहिल्या ग्लासाच्या आधी, कारण नंतर कुणालाच आपल्याला चढली आहे असं वाटत नाही. ज्यांनी घेतली त्यांना किल्ली दुसऱ्या दिवशी. टेबलावर मापाच्या टेपा ठेवायच्या. ज्याने टेप गळ्यात घातली त्याने त्या दिवशी थेंब घ्यायचा नाही आणि बाकीच्यांना घरोघर पोचवायचं. सुई ठेवायची की नाही यावर वाद झाला. टाचणी म्हणाली सुई राहू दे, आजोबांची आठवण आहे, फक्त तिच्यावर किल्ली मिळणार नाही.

हो म्हणायला सगळे हो म्हणाले. पण टेप गळ्यात कोण घालणार, असं विचारलं तेव्हा जो तो छताकडे बघत होता. ग्लास सगळ्यांना हवा, टेप शेजाऱ्याच्या गळ्यात. काजवाले बाबा एकटे पुढे आले, पण त्यांना गाडी येत नाही.

टाचणी हल्ली जेवत नाही नीट. हे मी लिहिणार नव्हते. तिला वाटतं जेवणाच्या दिवशी ती एकटीच परातीपाशी उभी असेल, लोक किल्ल्या मागतील आणि तिला द्याव्या लागतील. आणि मग कुणाचं तरी काहीतरी होईल. तिने एकदाच विचारलं, "बाबा येतील का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

मला खरंच माहीत नाही. यावं असं मला फार वाटतं. घर मोठं झाल्यासारखं वाटतंय, आणि मला मोठं घर आवडत नाही.

तुमचीच

रविवार, जेवणाच्या दिवशीच, संध्याकाळी

प्रिय जाऊबाई,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून घाबरू नकोस. सगळं बरं आहे.

तुझे मोठे दीर दुपारी बसने आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात राजीनाम्याचं पाकीट. माझ्याकडे बघून मान हलवली, टाचणीकडे बघितलंच नाही, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. ग्लास पुढे केला तर नको म्हणाले. मला वाटलं राजीनामा देतील आणि चार वाजताच्या बसने परत जातील.

जेवण रंगलं. परातीत किल्ल्या होत्या, शेजारी टेपांचं भेंडोळं तसंच पडलेलं. गळ्यात टेप फक्त टाचणीच्या आणि काजवाल्या बाबांच्या. जेवण संपत आलं तशी कुजबुज सुरू झाली. एकटी पोरगी इतक्या लोकांना कशी पोचवणार, रविवारच्या दिवशी ताटकळत कोण बसणार. कोटवाला उठून फाटकापाशी गेला, म्हणाला, "पुरे झालं बाळ, गंमत केलीस, आता किल्ली दे." त्याच्यामागे आणखी तिघेचौघे. टाचणीने परात छातीशी धरली होती. ती एकेक पाऊल मागे सरत फाटकाला टेकली होती. मी उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात हे उठले. हे सरळ टेबलाकडे गेले, भेंडोळ्यातून एक टेप सोडवली, दोनदा झटकली आणि गळ्यात टाकली. मग कोटवाल्याला म्हणाले, "बस खाली. तुला मी सोडतो."

अगं, अध्यक्षाने टेप घातल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. परकरवाला थोरला उठला, त्याने घेतलेली नव्हती, त्याने टेप घातली. आणखी दोघांनी घातली.

मग हे टाचणीसमोर गेले आणि हात पुढे केला. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द बोलले, तोही काय, तर "व्हॅनची किल्ली." तिने परात आणखी घट्ट धरली. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. ती म्हणाली, "आधी वास घेणार. टेप घातलेल्या सगळ्यांचा घेणार आहे."

तुला माहीत आहेत ना ते. कुणापुढे मान खाली घातलेली नाही त्या माणसाने, कधी बापापुढेही नाही. आणि टाचणी म्हणजे एवढीशी, यांच्या छातीला लागते. यांनी आधी गळ्यातली टेप सारखी केली. मग सगळ्या संघासमोर वाकले, तोंड तिच्या नाकापाशी नेलं आणि म्हणाले, "घे."

तिने घेतला. मग किल्ली दिली.

हे व्हॅन घेऊन फेऱ्या मारत राहिले. पुढे टाचणी, मागे माणसं. मी शेवटच्या फेरीत होते. सगळे उतरल्यावर टाचणीने हळूच विचारलं, बसस्टँडवर सोडू का? तर म्हणाले, "गाडी मी चालवतोय. सोडणारी तू कोण?" आणि घराच्या रस्त्याला वळवली.

मला या माणसाचा किती अभिमान वाटला ते मी त्यांना सांगणार नाही. पोरीचा सांगून सांगून माझं तोंड दुखलं, याचं तुझ्याजवळ सांगते.

त्यांची कात्री, दाढीचं सामान आणि दोन शर्ट तुमच्याकडे आहेत, ते भावजींबरोबर पाठव. वकीलसाहेब उद्या माप द्यायला येताहेत. चारच्या बसने परत येतो असं सांगून निघाले होते ना? ताट वाढून ठेवलं असशील तर झाकून ठेवू नकोस, भावजींना वाढ.

तुझी मोठी जाऊ